ज्वालामुखीच्या पोटातलं बंदर

अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या उत्तरेला साउथ शेटलंड नावाचा द्वीपसमूह आहे. त्यात डिसेप्शन हे घोड्याच्या नालेच्या आकाराचं बेट. कडेनं डोंगर, मधोमध समुद्र, आणि त्या समुद्राला बाहेर पडायला आग्नेयेकडे एकच अरुंद फट. या फटीतून जहाज आत शिरलं की उजव्या हाताला व्हेलर्स बेची काळी पुळण लागते. पाण्याच्या कडेला ओहोटीच्या वेळी वाफा निघत असतात, गंधकाचा वास येतो, आणि वर डोंगरावर राखेनं माखलेल्या हिमनद्या दिसतात. इथे आज पर्यटक येतो तो बोटीनंच. दक्षिण अमेरिकेच्या टोकावरच्या उश्वायाहून निघून ड्रेक सामुद्रधुनीचं सुमारे हजार किलोमीटर खवळलेलं पाणी ओलांडायचं आणि बंदरात नांगर टाकल्यावर पुन्हा रबरी होडीत बसून किनारा गाठायचा. इतकं दूर, इतकं अवघड ठिकाण आपसूकच सुरक्षित राहत असणार, असं कुणालाही वाटेल. पण या पुळणीवर गंजलेल्या लोखंडी टाक्या, मोडक्या इमारती आणि वाळूत अर्ध्या गाडल्या गेलेल्या लाकडी होड्या आहेत, आणि अंटार्क्टिकात पर्यटक जिथे सर्वाधिक उतरतात अशा मोजक्या जागांमध्ये हिची गणना होते. अंतरानं हे ठिकाण राखलेलं नाही. माणूस कुठे पोचेल आणि किती संख्येनं पोचेल हे अंतरापेक्षा आसऱ्यावर ठरतं, आणि या बेटाचा दोनशे वर्षांचा इतिहास त्याचा जवळजवळ निखळ पुरावा आहे.

हा आसरा ज्वालामुखीनंच घडवला. सुमारे ४००० वर्षांपूर्वी इथे प्रचंड उद्रेक झाला. पोटातला शिलारस मोठ्या प्रमाणात बाहेर फेकला गेल्यावर वरच्या डोंगराला आधार उरला नाही आणि त्याचा मधला भाग खाली खचला. अशा खचलेल्या विवराला भूशास्त्रात कॅल्डेरा म्हणतात. ग्रीसमधल्या सँटोरिनीचं आखातही याच रीतीनं तयार झालं आहे. डिसेप्शनच्या कॅल्डेराची कड एका ठिकाणी फुटली, समुद्र आत आला आणि पोर्ट फॉस्टर हे बंदर तयार झालं. साधारण नऊ किलोमीटर लांब, सहा किलोमीटर रुंद आणि मध्यभागी दीडशे मीटरहून अधिक खोल. भोवतीचे डोंगर वारा अडवतात. त्यांतला माउंट पाँड पाचशे मीटरहून उंच आहे. नेपच्यून्स बेलोज या नावाची ती फट काही शे मीटरच रुंद असल्यामुळे बाहेरची लाट आत पोचेपर्यंत तिचा जोर ओसरतो. दक्षिण महासागराच्या या भागात जहाजाला निवांत नांगर टाकता येईल असं पाणी फार दुर्मीळ, त्यामुळे इथल्या दर्यावर्दींना या बंदराची किंमत फार लवकर कळली. पण ज्या उलथापालथीनं हे शांत पाणी दिलं ती संपलेली नाही. खाली शिलारस अजून आहे. इथला आसरा आणि इथला धोका एकाच कारणातून आले आहेत, आणि एक घेताना दुसरा नाकारण्याची सोय कुणालाच नाही.

साउथ शेटलंड बेटं १८१९ मध्ये नकाशावर आली आणि पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १८२० मध्ये, नॅथानिएल पामर हा अमेरिकी सील-शिकारी 'हीरो' नावाच्या छोट्या जहाजातून या फटीतून आत शिरला. मागोमाग शिकाऱ्यांची जहाजं आली. १८२१ आणि १८२२ या दोन वर्षांत या द्वीपसमूहात ३,२०,००० फर सील मारले गेले असावेत, असा अंदाज जेम्स वेडेल या त्या धंद्यातल्याच कप्तानानं नोंदवून ठेवला आहे. दशकाच्या मध्यापर्यंत मारायला सील उरले नाहीत आणि जहाजं निघून गेली. १८२९ मध्ये हेन्री फॉस्टर 'चँटिक्लीर' जहाज घेऊन आला तो लंबकाच्या प्रयोगांसाठी, गुरुत्वाकर्षण मोजण्यासाठी. शिकारी आणि शास्त्रज्ञ यांच्या हेतूंत जमीनअस्मानाचा फरक होता, पण दोघांनाही हवं होतं ते तेच, स्थिर पाणी आणि वाऱ्यापासून आडोसा. पुढे माणसांचा खरा लोंढा आला तो देवमाशांसाठी. १९०६ मध्ये अडॉल्फस आंद्रेसन या नॉर्वेत जन्मलेल्या चिलीवासी व्यावसायिकाच्या कंपनीनं 'गोबेर्नादोर बोरिएस' हे जहाज इथे नांगरलं आणि काही वर्षांतच तेल काढणारी अनेक जहाजं उन्हाळाभर बंदरात उभी राहू लागली. मारलेला देवमासा जहाजाच्या बाजूला पाण्यातच बांधायचा आणि तिथेच त्याची चरबी सोलायची, अशी तेव्हाची पद्धत. खुल्या समुद्राच्या लाटांत हे काम होत नसे, म्हणून शांत बंदर लागे. चरबी सोलून झाली की उरलेला प्रचंड देह तसाच सोडून दिला जाई. १९१२ मध्ये हेक्टर या नॉर्वेच्या कंपनीनं किनाऱ्यावर कारखाना उभारला, तो हे टाकलेले देह उकळून उरलंसुरलं तेल काढण्यासाठी. आजच्या गंजक्या टाक्या आणि बाष्पपात्रं त्या कारखान्याची आहेत.

हा कारखाना बंद कसा पडला, हा माझ्या मते या बेटाच्या इतिहासातला सगळ्यांत बोलका भाग आहे. १९२० च्या दशकाच्या मध्यात मागच्या बाजूला उतार असलेली जहाजं आली. त्या उतारावरून देवमासा थेट डेकवर ओढून घेता येऊ लागला आणि सगळं काम भर समुद्रात होऊ लागलं. बंदराची गरज संपली. त्यातच तेलाचे भाव कोसळले आणि १९३१ मध्ये व्हेलर्स बेवरचा कारखाना थांबला. या काळात बेट कुणाच्या जवळ आलं नव्हतं की लांब गेलं नव्हतं. देवमासेही त्याच पाण्यात होते आणि त्यांची शिकार उलट वाढलीच. बदललं ते इतकंच, की शांत पाण्याची गरज उरली नाही, आणि त्यासरशी माणसं पुळण सोडून गेली. अंतर तेच असताना नुसत्या आसऱ्याच्या गरजेनुसार वस्ती येते आणि जाते, हे याहून स्वच्छपणे दाखवणारं उदाहरण मिळणं कठीण आहे. कारखाना थांबण्याआधीच ही गरज दुसऱ्या रूपातही दिसू लागली होती. १६ नोव्हेंबर १९२८ रोजी ह्यूबर्ट विल्किन्स यानं अंटार्क्टिकातलं पहिलं विमानोड्डाण याच बेटावरून केलं. १९४४ मध्ये ब्रिटिशांनी व्हेलर्स बेवर लष्करी हेतूनं तळ उघडला. ब्रिटन, अर्जेंटिना आणि चिली या तिघांनीही बेटावर हक्क सांगितला. फेब्रुवारी १९५३ मध्ये ब्रिटिश नौसैनिकांनी अर्जेंटिना आणि चिलीच्या झोपड्या उखडून दोन अर्जेंटिनी माणसांना बेटावरून उचलून नेलं. निर्मनुष्य बर्फाळ प्रदेशात तीन देश एका काळ्या पुळणीवरून भांडत होते, कारण त्या भागात जहाज सुखरूप उभं करण्याजोग्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

याच बेटाची बाहेरची बाजू पाहिली की तुलना पूर्ण होते. पूर्व किनाऱ्यावर बेली हेड नावाची जागा आहे. ज्वालामुखी तोच, राख तीच, उश्वायापासूनचं अंतरही तेच. पण तिथला किनारा खुल्या समुद्राला सामोरा आणि उताराला तीव्र असल्यामुळे लाट इतक्या जोरानं आदळते, की हवा चांगली असली तरी होडी लागेलच याचा भरवसा नसतो. तिथे कारखाना झाला नाही, तळ झाला नाही. २०११-१२ च्या हंगामातल्या मोजणीत तिथे चिनस्ट्रॅप पेंग्विनच्या सुमारे ५०,००० जोड्या आढळल्या. पेंग्विनांनी बाहेरची बाजू निवडली ती आपल्या सोयीनं. त्यांना खाद्यासाठी थेट समुद्रात उतरायचं असतं, म्हणून त्यांच्या वस्तीचं सगळं श्रेय माणसाच्या गैरहजेरीला देता येणार नाही. शिवाय तीच मोजणी सांगते की त्यांची संख्या आधीच्या दशकांपेक्षा घटली आहे, आणि ही घट पर्यटक जात नाहीत अशा वसाहतींतही दिसते. तिचं कारण बदलत्या समुद्रात शोधावं लागेल. माझा मुद्दा माणसांच्या वावरापुरताच आहे. एकाच बेटाच्या दोन किनाऱ्यांपैकी एकावर दोन शतकांचा कारभार साचला आणि दुसरा जवळपास कोरा राहिला. फरक केला तो लाटेनं. आपल्याकडचा पुरावाही याच बाजूचा आहे. भारतातला एकमेव जागता ज्वालामुखी, अंदमानातलं बॅरन बेट, श्री विजयपुरम म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरपासून दीडशे किलोमीटरही दूर नाही. १९९१ पासून तिथे वारंवार उद्रेक झाले. बेटाचे कडे समुद्रातून सरळ उभे आहेत, बंदर म्हणावं असं काही नाही आणि तिथे वस्ती कधी झाली नाही. आज तिथे उतरायला बंदी आहे हे खरं, पण बंदीच्या कितीतरी आधीपासून ते निर्जन होतं. शहराजवळचं बिनआसऱ्याचं बेट ओस राहिलं आणि जगाच्या टोकावरचं आसऱ्याचं बेट गजबजलं. कोकणातल्या वाचकाला हे विशेष वाटू नये. दाभोळ, जैतापूर, विजयदुर्ग ही बंदरं खाड्यांच्या मुखाशी वाढली, आणि त्यांच्या मधल्या लांबलचक उघड्या पुळणींवर कुणी गलबतं लावली नाहीत.

आता पहिला आक्षेप. जागत्या ज्वालामुखीवर माणसांच्या पावलांची काय काळजी करायची, तो एका रात्रीत सगळं पुसून टाकतो. यात तथ्य आहे. १९२० च्या दशकात बंदराचं पाणी एकदा इतकं तापलं की जहाजांच्या बुडाचा रंग फुगून आला. ४ डिसेंबर १९६७ रोजी झालेल्या उद्रेकात पेंड्युलम कोव्हमधलं चिलीचं ठाणं उद्ध्वस्त झालं आणि बंदराच्या उत्तर टोकाला नवं बेट उगवलं. २१ फेब्रुवारी १९६९ रोजी हिमनदीखालीच भेग पडली, बर्फ वितळून चिखलाचा लोंढा व्हेलर्स बेवर आला, ब्रिटिश तळाची इमारत फोडून गेला आणि देवमासे-शिकाऱ्यांची दफनभूमी गाडून गेला. पस्तीस जणांना तिथे मूठमाती मिळाली होती. तळावरची माणसं कोसळत्या राखेतून लोखंडी पत्र्यांचा आडोसा धरून निसटली. ऑगस्ट १९७० मध्ये पुन्हा उद्रेक झाला. पण या पुसण्याकडे नीट पाहिलं तर आक्षेप उलटतो. उद्रेकांनी पोर्ट फॉस्टरच्या तळावरचं जीवन मोठ्या प्रमाणात मारलं, आणि पुढच्या वर्षांत शास्त्रज्ञांना तिथे ठिसूळतारे आणि समुद्री अर्चिन हळूहळू परतताना पाहायला मिळाले. कोरी झालेली जागा जीव कसे भरून काढतात, कोण आधी येतं, कोण मागून, हे प्रत्यक्ष मोजण्याची संधी जगात फार थोड्या ठिकाणी मिळते. नव्या राखेवर पहिलं पाऊल शेवाळाचं पडलं की बुटाच्या तळव्याला चिकटून आलेल्या बीजाचं, हे कळेनासं झालं तर ती नोंद कायमची बिघडते. ज्वालामुखी जितक्या वेळा पाटी पुसतो तितक्या वेळा त्या पाटीवर पहिलं काय उमटतं याचं मोल वाढतं.

यात ऊब भर घालते. अंटार्क्टिकात मूळच्या सपुष्प वनस्पती दोनच, एक गवत आणि एक उशीसारखं पसरणारं पर्लवर्ट. डिसेप्शनवर पर्लवर्टची मोठी वस्ती आहे आणि वाफाळ जमिनीच्या आधारानं खंडावर इतरत्र क्वचितच आढळणारी शेवाळं वाढतात. पण जी ऊब या दुर्मीळ जिवांना जगवते तीच परक्या जिवांनाही जगवते. इतर किनाऱ्यांवर चुकून आलेलं बी थंडीनं मरतं, इथे त्याला टिकण्याची शक्यता जास्त. २००९ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडच्या दोन फुलझाडांच्या जाती व्हेलर्स बेवरच सापडल्या. पक्ष्यांनी किंवा वाऱ्यानं आणल्या की माणसांनी, हे संशोधकांना ठरवता आलं नाही. स्प्रिंगटेल हे मातीत राहणारे, पिनेच्या टोकाएवढे जीव. त्यांच्या परक्या जातींनी तर बेटावर घर केलंच आहे. म्हणजे आसऱ्याचा नियम जहाजांपुरता थांबत नाही. ज्या जागेनं जहाजाला थारा दिला तिनं तणालाही दिला. म्हणूनच किनाऱ्यावर उतरण्याआधी बूट आणि कपडे घासून घेण्याचा नियम आहे. पर्यटकांना तो शिष्टाचाराचा भाग वाटतो, पण या उबदार राखेवर तो इतर कुठल्याही नियमापेक्षा महत्त्वाचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. १९६६ पासून नियमित सुरू झालेल्या अंटार्क्टिक सहलींनी लाखो लोकांच्या मनात या खंडाविषयी आपुलकी निर्माण केली; डोळ्यांनी पाहिलेल्या जागेसाठीच माणूस भांडतो, आणि शिकाऱ्यांच्या मानानं पर्यटकाचा उपद्रव नगण्य आहे. शेवटचं विधान निर्विवाद खरं आहे. रबरी होडीतून उतरून दीड-दोन तास फिरणाऱ्या माणसाची आणि देवमाशांचे देह उकळणाऱ्या कारखान्याची तुलना करणंच अन्यायाचं होईल. सहल-कंपन्यांच्या १९९१ मध्ये स्थापन झालेल्या आयएएटीओ या संघटनेनं शिस्त लावली आहे, तिचंही मी मनापासून कौतुक करतो. पाचशेहून अधिक प्रवासी असलेली जहाजं लोकांना किनाऱ्यावर उतरवत नाहीत, एका वेळी शंभरच माणसं किनाऱ्यावर असतात, दर वीस जणांमागे एक मार्गदर्शक असतो. जुन्या इमारतींत शिरायला मनाई आहे. पण हे सगळे नियम एका वेळचे आहेत. एका हंगामात एकूण किती माणसांनी अंटार्क्टिकात यावं याला कमाल मर्यादा नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला काही हजार लोक येत, २०२२-२३ च्या हंगामात ते एक लाखाच्या वर गेले. प्रत्येक गट नियमानं वागला तरी गटांची बेरीज नियमात बसत नाही. आणि ही बेरीज खंडभर सारखी पसरत नाही. वादळ झालं, बाहेरचा किनारा नाकारला, की प्रत्येक कप्तान आडोशाच्या बंदराकडे वळतो. माणसं वाढली की आधी भरतात त्या डिसेप्शनसारख्याच जागा, आणि तिथेच जमीन सगळ्यांत नाजूक आहे.

आत शिरण्याच्या मार्गाविषयीही थोडं बोलायला हवं, कारण आसऱ्यावरचा विश्वास तिथे फार सहज बसतो. नेपच्यून्स बेलोजच्या जवळजवळ मधोमध, पाण्याखाली अवघ्या अडीच मीटरांवर रेव्हन रॉक नावाचा खडक आहे. जहाजांना मध्य सोडून एका बाजूच्या कड्याला बिलगून जावं लागतं. ३० जानेवारी २००७ रोजी 'नॉर्डकाप' हे पर्यटकांचं जहाज इथे खडकाला घासलं आणि त्याचे प्रवासी दुसऱ्या जहाजावर हलवावे लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरात 'एक्सप्लोरर' हे जहाज साउथ शेटलंडजवळच बर्फाला आदळून बुडालं, सगळे १५४ जण वाचले. २०११ मध्ये या समुद्रात जड इंधन-तेल वापरायला आणि वाहून न्यायला बंदी आली, हे योग्यच झालं. पण कॅल्डेराच्या आत तेल सांडलं तर काय होईल याचा विचार केला की आसऱ्याची दुसरी बाजू लख्ख दिसते. ज्या अरुंद फटीनं लाटा बाहेर ठेवल्या तीच सांडलेलं तेल आत कोंडून ठेवील. उद्रेक सुरू झाला तर जहाजांनाही बाहेर पडायला तेच एक दार. बेटावर स्पेन आणि अर्जेंटिना यांची उन्हाळी ठाणी आहेत, भूकंपमापक लावले जातात, १९९२ मध्ये धक्के वाढले तेव्हा खबरदारी घेतली गेली, आणि बेटाच्या व्यवस्थापन-आराखड्यात डोंगर ओलांडून बाहेरच्या किनाऱ्यावर कसं पोचायचं याचा पायी मार्गही दिला आहे. उद्रेकाच्या वेळी सुटका आडोशाबाहेरच्या, लाटांच्या किनाऱ्यावर आहे, हे त्या आराखड्यानंच मान्य केलं आहे.

म्हणून माझं म्हणणं पर्यटन बंद करा असं नाही. व्हेलर्स बे लोकांनी पाहावी, कारण देवमाशांच्या कत्तलीचा आणि ज्वालामुखीच्या कामाचा इतका उघडा दस्तऐवज दुसरीकडे नाही. मागणी नेमकी आहे. जागेवरच्या मर्यादेसोबत हंगामाची मर्यादा हवी, ती आडोशाच्या आणि उबदार जागांना आधी लागू व्हावी, आणि उद्रेकानंतर नवी राख पडलेला भाग काही वर्षं फक्त निरीक्षणासाठी राखला जावा. याला कुणी म्हणेल की अंटार्क्टिका कुणाच्याच मालकीची नाही, मग मर्यादा घालणार कोण? उत्तर तयार आहे. १९५९ चा अंटार्क्टिक करार आणि १९९१ चा पर्यावरण प्रोटोकॉल यांच्या आधारे डिसेप्शनला २००५ पासून विशेष व्यवस्थापनाचं क्षेत्र म्हणून दर्जा आहे, त्याच्या काही भागांत तर परवान्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. यंत्रणा आहे, तिला आकडा द्यायचा राहिला आहे. करारातले निर्णय एकमतानं होतात आणि मताचा अधिकार असलेल्या २९ देशांत भारत १९८३ पासून आहे. मे २०२४ मध्ये या देशांची बैठक कोचीला झाली आणि पर्यटनाचं नियमन करणारी सर्वंकष चौकट तयार करण्याचं काम तिथे सुरू झालं. भारतानं २०२२ मध्ये स्वतःचा अंटार्क्टिक कायदाही केला असून, त्याखाली भारतातून निघणाऱ्या मोहिमांना परवाना लागतो. महाराष्ट्रातूनही लोक आता या सहलींना जाऊ लागले आहेत, तेव्हा हा प्रश्न आपल्या घरचाही आहे. त्या चौकटीत हंगामी मर्यादेचा आकडा यावा, असा प्रस्ताव भारतानं मांडावा, आणि पहिलं नाव डिसेप्शनचं घालावं.